तलफ आतून कशी असते

निपाणी, चिकोडी, खानापूर या भागांतल्या कितीतरी मराठी घरांमध्ये कोनाड्यात एक छोटी पत्र्याची डबी असते, निदान कालपरवापर्यंत तरी असे. तंबाखू तव्यावर काळीभोर भाजून आणि कुटून केलेली मिश्री त्या डबीत असते. काही घरांत तिलाच मशेरी म्हणतात. पहाटे उठल्यावर आजी चुलीकडे वळण्याआधी त्या डबीकडे वळते आणि घरातल्या कुणालाही त्यात वावगे वाटत नाही. पण कधी आजीला दवाखान्यात ठेवावे लागले आणि गडबडीत डबी घरीच राहिली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी वेगळीच आजी दिसते. ती कुणाशी धड बोलत नाही, डोके धरून बसते, पोट साफ झाले नाही म्हणून कुरकुरते, इंजेक्शन द्यायला आलेल्या नर्सवर चिडते, आणि शेवटी भेटायला आलेल्या नातवाला जवळ बोलावून हळूच सांगते की येताना डबी घेऊन ये, मात्र बापाला सांगू नकोस. जिने आयुष्यभर खोट्याचा तिटकारा केला, ती बाई नातवाला लपवाछपवीत सामील करून घेते.

मी बेळगावातल्या एका महाविद्यालयात शिकवते. अमली पदार्थांच्या व्यसनाचा विषय वर्गात निघाला की मुले आधी गुन्हेगारीकडे, पोलिसांकडे आणि बातम्यांकडे वळतात, जणू ही गोष्ट दूरच्या कुठल्यातरी महानगरातली आहे. म्हणून मी सुरुवात आजीच्या डबीपासून करते. आजीला नशेची मौज हवी होती, असे कुणीच म्हणणार नाही. तिला फक्त रोजच्यासारखे वाटायला हवे होते. मिश्रीतले निकोटीन हिरड्यांतून रक्तात जाते, वर्षानुवर्षे तिच्या मेंदूने त्याच्याशी जुळवून घेतलेले असते, आणि ते मिळाले नाही की तिचे शरीर अडून बसते. या अवस्थेला आपल्या भाषेत नेमका शब्द आहे, तलफ. हा शब्द ज्यांना कळतो त्यांना व्यसनाचा उंबरठा तरी माहीत आहे. पुढचे घर किती अंधारे असते, ते मात्र पायरीपायरीने समजून घ्यावे लागते.

व्यसनाबद्दलचा सर्वांत मोठा गैरसमज असा आहे की व्यसनी माणूस सुखामागे धावतो. पहिल्या काही वेळा हे खरे असतेही. नशेच्या पदार्थांमुळे मेंदूत डोपामिन नावाचे रसायन एरवीपेक्षा कितीतरी जास्त सुटते, आणि 'ही गोष्ट महत्त्वाची आहे, ती पुन्हा कर' अशी खूण ते मेंदूत उमटवते. खानापूरकडच्या तांबड्या मातीच्या रस्त्यावर पावसाळ्यात बैलगाडीची चाकोरी पडते, ती पहिल्या दिवशी नुसती रेघ असते. त्याच वाटेने गाड्या जात राहिल्या की ती इतकी खोल होते की नंतर गाडीवानाने कितीही ओढून धरले तरी चाक तिच्यातच उतरते. डोपामिनचे काम ही चाकोरी खोल करण्याचे आहे. आनंद देणे हे त्याचे मुख्य काम नव्हे, हे शास्त्रज्ञांनाही बऱ्याच उशिरा उमगले.

१९५४ साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी उंदरांच्या मेंदूत एका विशिष्ट जागी बारीक तार बसवली आणि एक दांडी दाबली की त्या जागी विजेचा सौम्य झटका मिळेल अशी सोय केली. उंदीर ती दांडी पुन्हा पुन्हा दाबू लागले. पुढच्या प्रयोगांत तर काही उंदरांनी अन्नाकडे पाठ फिरवून थकून पडेपर्यंत ती दाबली. मेंदूतले सुखाचे केंद्र सापडले, असा अर्थ तेव्हा लावला गेला. पुढे अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातले केंट बेरिज आणि त्यांचे सहकारी टेरी रॉबिन्सन यांनी हा अर्थ तपासून पाहिला. ज्या उंदरांच्या मेंदूतले डोपामिन जवळजवळ संपवले होते, त्यांच्या जिभेवर साखरेचे पाणी ठेवले तर ते पूर्वीसारखेच मिटक्या मारत. पण समोर अन्न असूनही ते खायला पुढे होत नसत. म्हणजे एखादी गोष्ट आवडणे आणि ती हवीशी वाटणे या मेंदूतल्या दोन निरनिराळ्या घडामोडी आहेत. मराठीत मी त्यांना गोडी आणि ओढ म्हणते. निरोगी आयुष्यात या दोघी बहिणी हातात हात घालून चालतात. हुरड्याची गोडी असते म्हणून हुरड्याची ओढ असते. व्यसनात त्यांची ताटातूट होते. ओढ दिवसेंदिवस वाढत जाते आणि गोडी आटत जाते. ज्या गोष्टीत काडीचाही आनंद उरलेला नाही, तिच्यासाठी माणूस रात्री दोन वाजता पावसात बाहेर पडतो, आणि आपल्याला यातून काही मिळत नाही हे त्याला स्वतःला आपल्यापेक्षा जास्त माहीत असते.

गोडी आटते कशी, हे समजायला संकेश्वरी मिरची पुरेशी आहे. लहानपणापासून झणझणीत खाणाऱ्याची जीभ तिखटाला सरावते, मग त्याला दुसऱ्याच्या घरची आमटी पाणचट लागते, आणि चव यावी म्हणून तो वर आणखी ठेचा घेतो. नशेच्या पदार्थांचा लोंढा रोज येऊ लागला की मेंदूही स्वतःला बधिर करून घेतो. डोपामिनचा संदेश घेणारी ग्राहके कमी होतात. याचा परिणाम असा की तेवढ्याच मात्रेने पूर्वीसारखे वाटत नाही, आणि त्याहून क्रूर परिणाम असा की जगातल्या बाकीच्या साऱ्या गोष्टी पाणचट होतात. क्रिकेटचा सामना, मित्राचे लग्न, आईच्या हातचे जेवण, गणपतीतली रात्रीची आरास, सगळे काचेपलीकडे चालल्यासारखे दिसते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की याला घरच्यांची किंमत उरली नाही. आतून त्याला कसलीच चव उरलेली नसते, आणि याची त्याला लाज वाटत असते.

आता कल्पनेतला एक मुलगा घेऊ. वय २०, खानापूर तालुक्यातल्या एका गावातून शिकायला आलेला, टिळकवाडीत दोघा मित्रांबरोबर खोली घेऊन राहणारा. वर्षभरापूर्वी 'एकदा बघू' म्हणून त्याने ब्राउन शुगर, म्हणजे भेसळीचे हेरॉइन, ओढली आणि आता तो तिच्यात अडकला आहे. त्याला सकाळी जाग येते ती गजराने येत नाही. आदल्या रात्रीच्या मात्रेला आठ-दहा तास झालेले असतात आणि शरीर हिशेब मागू लागते. आधी जांभयांवर जांभया, मग नाकाडोळ्यांतून पाणी, अंगावर सरसरून काटा, पोटऱ्यांत ओढ, पोटात कळा. काही केले नाही तर हे वाढत जाऊन दोन-तीन दिवसांनी शिगेला पोचते आणि साधारण आठवडाभर पुरते, हे त्याला अनुभवाने ठाऊक आहे. वैद्यकात याला विथड्रॉवल म्हणतात. आपल्याकडे त्याची ओळख ज्याला आहे तो 'टर्की आली' म्हणतो. सडकून ताप आलेल्या दिवशी परीक्षेला बसावे लागल्याची आठवण काढा, त्यात कुणीतरी जवळचे वारल्याची बातमी मिसळा, आणि एका पुडीने हे सारे पंधरा मिनिटांत थांबते हे तुम्हाला माहीत आहे अशी कल्पना करा. त्या सकाळी 'इच्छाशक्ती वापर' हा सल्ला त्याच्या कानापर्यंत पोचत नाही.

म्हणून त्याच्या दिवसाचा पहिला विचार पैशांचा असतो. काल कुणाकडून घेतले, आज कुणाकडे मागता येतील, परीक्षा शुल्काचे कारण किती वेळा सांगून झाले. आईचा फोन येतो, 'जेवलास काय रे?' तो 'होय' म्हणतो. वर्गात मी शिकवत असते आणि तो माझ्याकडे बघत असतो, पण त्याच्या डोक्यात दुपारपर्यंतच्या तासांचा हिशेब चाललेला असतो. अखेर दुपारी त्याला हवे ते मिळते. या क्षणाबद्दल मुलांना फार कुतूहल असते, म्हणून तो नीट सांगते. त्याला स्वर्ग वगैरे दिसत नाही. ताप उतरल्यावर, दाढदुखी थांबल्यावर जसे हायसे वाटते, तेवढेच त्याला वाटते. पुढचे दोन-तीन तास तो चारचौघांसारखा मुलगा असतो. तो आपणहून आईला फोन करतो, अर्धवट राहिलेली जर्नल पुरी करतो, आणि उद्यापासून बंद, अशी शपथ घेतो. ही शपथ खरी असते. त्या तासांत शरीर शांत असते आणि त्याला जे मनापासून वाटते तेच तो बोलतो. संध्याकाळी पहिली जांभई येते तेव्हा ती शपथ घेणारा मुलगा आणि जांभई देणारा मुलगा यांच्यात सहा तासांचे अंतर पडलेले असते, आणि घरच्यांनी 'तू शब्द मोडलास' असे म्हटले की तो काय उत्तर देणार?

त्याच्या खोटे बोलण्याकडेही याच नजरेने पाहावे लागते. आजीने डबीसाठी जे केले त्याचाच हा वाढलेला आकार आहे. आई खचते, कारण आपल्यालाच फसवले असे तिला वाटते. पण त्याचे खोटे आईविरुद्ध नसते, ते पुढच्या मात्रेभोवती उभारलेले कुंपण असते, आणि त्या कुंपणाआड तो एकटाच अडकतो. जितके लोक फसतात तितकी त्याच्याशी खरे बोलू शकणारी माणसे कमी होतात. भविष्याचेही असेच होते. आत्ताची लहान गोष्ट घ्यायची की नंतरची मोठी, असे विचारणाऱ्या प्रयोगांत व्यसनात अडकलेली माणसे इतरांच्या तुलनेत आत्ताचे लहानच निवडताना आढळतात. 'तुझे करिअर बरबाद होईल' हे वाक्य आम्ही शिक्षक किती सहज बोलतो! ज्याचे उद्या आज रात्रीपर्यंत आक्रसले आहे, त्याला पाच वर्षांनंतरचे करिअर दिसणार कसे? त्यात दूरचा विचार करणारा मेंदूचा कपाळामागचा भाग वयाच्या पंचविशीपर्यंत पुरता पिकत नाही, त्यामुळे विशीच्या आतल्या मुलामुलींना हा सापळा अधिक घट्ट आवळतो.

हे सगळे ऐकून कळते, पण उमगत नाही. अमेरिकेतल्या काही औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयांत विद्यार्थ्यांना काही आठवडे एक आवडती सवय सोडायला लावतात आणि रोजनिशी लिहायला सांगतात. आम्ही वर्गात त्याचा छोटा अवतार करून पाहिला. दहा दिवस चहा, किंवा मोबाइलवरचे छोटे व्हिडिओ, किंवा गोड, यांतले एक सोडायचे आणि रोज रात्री वहीत पाच ओळी लिहायच्या. दुसऱ्या दिवशी चहा सोडलेल्यांची डोकी दुखली, कारण कॅफिन थांबले की बहुधा दिवसभरात डोके धरते. चौथ्या-पाचव्या दिवशी वह्यांत वाद सुरू झाले. 'कॉफी चहात मोडते का', 'पाहुण्यांकडे नाही म्हणणे बरे दिसत नाही', 'आज पाऊस फार होता'. आपले मन स्वतःशीच वकिली करते हे मुलांना स्वतःच्या अक्षरात वाचायला मिळाले. पण माझ्या मते सर्वांत मोलाची ओळ दहाव्या दिवशी एका मुलीने लिहिली होती. तिने लिहिले होते की सहाव्या दिवशी मी चहा घेतला होता आणि वहीत खोटे लिहिले. बाईंना कळले असते तरी काही झाले नसते, तरीही मी का लपवले ते मला सांगता येत नाही. त्यानंतर वर्गात कुणी हसले नाही.

या प्रयोगाची मर्यादाही मुलांना तितक्याच स्पष्टपणे सांगावी लागते, नाहीतर 'मी चहा सोडला, मग त्याला का जमू नये' असा उलटाच धडा ती घेतात. चहा सोडणाऱ्याला गल्लीत कुणी चहाबाज म्हणून हिणवत नाही, त्याच्या बहिणीचे लग्न त्यामुळे अडत नाही, पोलिसांच्या भीतीने त्याला आजार लपवावा लागत नाही, आणि चहा सोडल्याने कुणाचा जीव जात नाही. दारूचे मात्र तसे नाही. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू तोडली तर पहिल्या एक-दोन दिवसांत झटके येऊ शकतात, आणि दोन ते चार दिवसांत तो भ्रमिष्ट होऊ शकतो, त्याला नसलेल्या गोष्टी दिसू लागतात आणि तो भलतेच बोलू लागतो; उपचार मिळाले नाहीत तर ही अवस्था जीवघेणी ठरू शकते. आपल्या खेड्यापाड्यांत पिणाऱ्याला 'उतरेपर्यंत' खोलीत कोंडून ठेवण्याची रीत आहे, म्हणून हे मुद्दाम लिहिते आहे. दारू सोडवायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

मग उपचार घेऊन परत आलेला मुलगा पुन्हा का घसरतो? 'सहा महिने चांगला होता, मग मस्ती आली' असे लोक म्हणतात. या प्रश्नाचे उत्तर शोधायला एका जुन्या युद्धाची मदत होते. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला व्हिएतनाममध्ये लढणाऱ्या अमेरिकी सैनिकांत हेरॉइन इतके पसरले होते की सुमारे पाचांतला एक सैनिक त्यात अडकला होता. ली रॉबिन्स या संशोधक बाईंनी अशा अडकलेल्यांपैकी मायदेशी परतलेल्यांचा पाठपुरावा केला, तेव्हा पहिल्या वर्षात त्यांतले फक्त सुमारे ५ टक्के पुन्हा व्यसनात सापडलेले आढळले. युद्ध मागे राहिले होते, ते जंगल, ते मित्र, ती भीती, सारे समुद्रापलीकडे राहिले होते. आपला मुलगा मात्र उपचार संपवून त्याच बसस्थानकावर उतरतो, त्याच खोलीकडे त्याच गल्लीने चालतो आणि त्याच टपरीवर तीच चौकडी उभी असते. अब्राहम विक्लर या अमेरिकी डॉक्टरांनी १९४० च्या दशकात नोंदवून ठेवले आहे की व्यसन सुटून बराच काळ लोटलेले रुग्ण नशेच्या नुसत्या गप्पा निघाल्या तरी जांभया देऊ लागत आणि नाके ओढू लागत. जागा, वास, एखाद्याचा आवाज, यांनीही शरीर जुना हिशेब मागायला लागते. चाकोरी बुजलेली नसते, तिच्यावर फक्त गवत उगवलेले असते. आणि याच काळात धोका सर्वांत मोठा असतो, कारण शरीराची सवय मोडलेली असते. पूर्वीची मात्रा आता श्वास थांबवू शकते. उच्च रक्तदाब किंवा दमा असलेल्याचा आजार मधूनच उसळला तर आपण औषध वाढवतो, त्याच्या चारित्र्यावर बोलत नाही. पुन्हा घसरणाऱ्यांचे प्रमाण या आजारांतल्या प्रमाणाच्या आसपासच असते.

केंद्र सरकारने दिल्लीच्या एम्सकडून करून घेतलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत असे दिसले की दारूच्या आहारी गेलेल्यांपैकी ३८ मध्ये एकाला आणि अमली पदार्थांच्या आहारी गेलेल्यांपैकी २० मध्ये एकाला कुठलीतरी मदत मिळते. मला हे आकडे वाचून झोप लागली नव्हती. मदत अगदीच नाही असे नाही. बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय आहे, सुमारे ८० किलोमीटरवर धारवाडला डिमहान्स ही सरकारी मानसिक आरोग्य संस्था आहे, पुण्यात डॉ. अनिता अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या आधाराने १९८६ साली सुरू केलेले मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ हे मोफत दूरध्वनी क्रमांक आहेत. कायदाही समजतो तितका कठोर नाही. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ६४अ नुसार, सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात सापडलेली व्यसनी व्यक्ती स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेऊन ते पुरे करत असेल, तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू आणि अमली पदार्थांशी जोडलेल्या मानसिक अवस्थांना आजारात धरले आहे, रुग्णाच्या गुप्ततेचा हक्क मानला आहे, आणि साखळदंडाने बांधण्याला मनाई केली आहे. ज्या 'केंद्रात' मुलांना बांधून मारतात, त्याला उपचार म्हणू नये.

आमच्या सीमाभागात आणखी एक गाठ आहे, भाषेची. दवाखान्यातला फॉर्म कन्नडमध्ये, औषधाची चिठ्ठी इंग्रजीत, आणि लाज मात्र मराठीत वाटते. फॉर्म कुणीही भरून देतो, पण 'मी बहिणीची साखळी विकली' हे वाक्य माणूस स्वतःच्या भाषेतच बोलू शकतो, किंवा बोलतच नाही. शेजारचा कन्नड माणूस ज्याला चट म्हणतो त्यालाच आपण चटक म्हणतो, इतक्या जवळ आपण राहतो; तरीही समुपदेशकासमोर बसताना मराठी बोलणारे कुणी आहे का, हे आधी विचारून घ्यावे, आणि तसे विचारण्यात संकोच बाळगू नये.

वर्गातली मुले शेवटी मला विचारतात की आपला मित्र असा असेल तर आपण नेमके काय करायचे. मोठे भाषण तर करूच नका, असे मी त्यांना सांगते, आणि त्याच्या हाती रोख पैसे देऊ नका, भूक असेल तर बरोबर जाऊन जेवा. मागच्या पावसाळ्यात एक मुलगा उपचार घेऊन परतला, तेव्हा त्याच्या खोलीतल्या दोघांनी एवढेच केले. एक जण त्याला आणायला बसस्थानकावर गेला, आणि नेहमीच्या टपरीवरून न जाता, पाऊण मैल वळसा घालून, भिजत त्याला खोलीवर घेऊन आला. दुसऱ्याने तोवर भात टाकला होता. पुढचे दोन महिने ते तिघे त्याच वळशाने कॉलेजला येत, आणि पहिल्या तासाला रोज पाच मिनिटे उशीर होई.